पाचव्या पोराच्या शोधात

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या रनिंग कोचकडे द्यायला ना स्पोर्ट्स स्कॉलरशिप असते, ना टीव्हीवरची प्रसिद्धी. तरीही दर वर्षी शेकडो पोरं त्यांच्यामागे जातात. हा फंडा काय आहे, ते बघायला पिओरिया आणि नेपरव्हिलची एक वेगळी सफर.

पिओरिया हे गाव कुणाच्याच अमेरिका ट्रिपच्या लिस्टवर नसतं. शिकागोहून गाडीने पावणेतीन तास. दोन्ही बाजूंना मक्याची आणि सोयाबीनची शेतं, आणि नोव्हेंबरात तीही कापून मोकळी झालेली. एखादा सिनेमा किंवा एखादी स्कीम साध्यासुध्या अमेरिकन माणसाला पटेल का, असा प्रश्न पडला की तिथले लोक विचारतात, ‘पिओरियात चालेल का?’ यावरून काय ते समजा.

पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका शनिवारी या गावात पार्किंगला जागा मिळत नाही. इलिनॉय नदीच्या काठाला डेटवायलर नावाचं पार्क आहे. एका बाजूला झाडीने भरलेल्या टेकड्या, समोर सपाट हिरवळ. इथे इलिनॉय राज्यातल्या शाळांची क्रॉस कंट्री फायनल होते. स्टेडियम नाही, लाल ट्रॅक नाही. गवत, जमलाच तर चिखल, बोचरा वारा आणि तीन मैल, म्हणजे आपले ४.८ किलोमीटर. बंदुकीचा बार होतो आणि दोनशेच्या आसपास पोरं एका ओळीतून सुटतात. सुरुवातीला एवढी रुंद असलेली ओळ पहिल्या वळणाला चिमटीत यावी तशी निमुळती होते. आईबाप, आजी-आजोबा, अंगाला रंग फासलेले दोस्त, सगळे दोऱ्यांच्या कडेकडेने या टोकाकडून त्या टोकाकडे धावत सुटतात. पळणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांची दमछाक जास्त!

या गवताला इतिहास आहे. १९७२ मध्ये क्रेग व्हर्जिन नावाच्या शाळकरी पोराने हे तीन मैल १३ मिनिटं ५०.६ सेकंदांत कापले. तो रेकॉर्ड मोडायला २०१९ साल उजाडलं. हाच व्हर्जिन पुढे १९८० आणि १९८१ मध्ये क्रॉस कंट्रीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. एल्महर्स्टच्या यॉर्क हायस्कूलचे कोच जो न्यूटन यांनी या राज्यात २८ विजेतेपदं मिळवली. २०१७ मध्ये ते गेले, तरी त्यांचं नाव या मैदानावर आजही निघतं. थोडक्यात, आपल्याकडे शालेय क्रिकेटमध्ये शिवाजी पार्कला जो मान, तोच इथल्या पळण्यात डेटवायलरला.

आता फिनिश लाइनपाशी या. तिथे कॉलेजच्या नावाच्या टोप्या आणि जॅकेट घातलेली माणसं दिसतील. हातात घड्याळ, घडी घातलेला कागद, नाहीतर मोबाइल. यातले काही जण पहिले दहा-पंधरा आले की निघून जातात. ते मोठ्या युनिव्हर्सिटीचे. काही जण मात्र हलत नाहीत. साठावा येतो, नव्वदावा येतो, एकशे दहावा येतो. हे आपले कागदावर खुणा करतच असतात.

हेच आपले हीरो. छोट्या कॉलेजांचे कोच.

गणित पाचाचं

एकशे दहाव्या नंबरच्या पोरात कुणाला काय इंटरेस्ट असणार? उत्तर क्रॉस कंट्रीच्या स्कोअरिंगमध्ये आहे.

टीममधून सात जण पळतात. त्यातल्या पहिल्या पाचांचे नंबर धरायचे आणि बेरीज करायची. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो जिंकला. समजा, एका टीमचे तीन स्टार पहिले, दुसरे, तिसरे आले. वा! पण चौथा आला चाळीसावा आणि पाचवा आला नव्वदावा. बेरीज १३६. दुसऱ्या टीममध्ये स्टार एकही नाही. त्यांचे नंबर १५, १८, २२, २५ आणि ३०. बेरीज ११०. म्हणजे पदकं नेली पहिल्या टीमने आणि ट्रॉफी नेली दुसऱ्या टीमने. पाचही पोरं पहिल्या पाचात, बेरीज १५, असं स्वप्न तर प्रत्येक कोच बघतो. १९९२ मध्ये कोलोरॅडोतल्या ॲडम्स स्टेट या छोट्या कॉलेजने जो व्हिहिल यांच्या हाताखाली डिव्हिजन टूच्या नॅशनल्सला तो चमत्कार करून दाखवला होता.

म्हणूनच कोच मंडळींची झोप पहिल्या पोरापायी उडत नाही, पाचव्यापायी उडते. स्टार कोण हे सगळ्यांना माहीत असतं. रिझल्टच्या वेबसाइट उघडल्या की प्रत्येक शाळेच्या प्रत्येक पोराची प्रत्येक वेळ समोर. पण आज शाळेत चौथा-पाचवा पळणारा कोणता पोरगा तीन वर्षांनी कॉलेजचा हुकमी पाचवा होईल, हे कुठल्याच वेबसाइटवर नसतं. ते ओळखण्यासाठी पिओरियाच्या थंडीत उभं राहावं लागतं.

तीन मजल्यांची इमारत

इथे थोडं ‘कोण कुठे’ समजून घेऊ. अमेरिकेतल्या कॉलेज स्पोर्ट्सचा बराचसा कारभार एनसीएए ही संस्था बघते. १९७३ मध्ये तिने कॉलेजांचे तीन गट केले. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेच्या वर कॉलेजं. टीव्ही, पैसा, भली मोठी स्टेडियम, सगळं इथे. डिव्हिजन टूमध्ये तीनशेच्या आसपास, तिथे थोडीफार स्कॉलरशिप. आणि डिव्हिजन थ्रीमध्ये चारशेहून जास्त कॉलेजं, जिथे खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही. नियमच तसा आहे. पोराला मदत मिळते ती मार्कांवर आणि घरच्या परिस्थितीवर.

डिव्हिजन थ्री म्हणजे टाकाऊ माल, असं समजून नाक मुरडू नका. एमआयटी याच गटात आहे! २०२२ मध्ये एमआयटीच्या पोरांनी डिव्हिजन थ्रीची क्रॉस कंट्री नॅशनल्स जिंकली आणि २०२४ मध्ये मुलींनी. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोही इथलीच. एके काळी तिची फुटबॉल टीम देशात गाजत होती. १९३९ मध्ये युनिव्हर्सिटीने तो कारभार सरळ बंद करून टाकला.

गेल्या काही वर्षांत वरच्या मजल्यावर मोठी उलथापालथ झाली. जून २०२५ मध्ये कोर्टाने एका मोठ्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या डिव्हिजन वन कॉलेजांत स्कॉलरशिपच्या संख्येवरची मर्यादा गेली, पण टीमच्या आकारावर मर्यादा आली. क्रॉस कंट्रीला १७ आणि ट्रॅक अँड फील्डला ४५, बस्स. पूर्वी स्कॉलरशिप नसली तरी ‘येतो, पळतो, बघू’ म्हणत टीममध्ये शिरणारी पोरं असायची. तिला वॉक-ऑन म्हणतात. ती जागा आक्रसली. त्यात ट्रान्सफरची दारं सताड उघडी झाल्यामुळे, अठरा वर्षांचं पोर घडवत बसण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजात तयार झालेला एकवीस वर्षांचा गडी उचलणं मोठ्या कोचना सोपं वाटू लागलं. म्हणजे शाळेतून निघालेल्या बऱ्या, पण अफाट नसलेल्या धावपटूला वरच्या मजल्याचा जिना अरुंद झाला. तळमजल्याचं दार मात्र उघडं आहे. तिथे पन्नास-पन्नास पोरांच्या टीम असतात आणि कोच स्वतः दारात उभा असतो.

पुढचं स्टेशन, नेपरव्हिल

ही दाराची गोष्ट बघायची तर नेपरव्हिलला जायला हवं. शिकागोच्या युनियन स्टेशनवरून मेट्राची बीएनएसएफ लाइन पकडा. डबलडेकर लोकल! फास्ट मिळाली तर पाऊण तासाच्या आत नेपरव्हिल. आपल्या चर्चगेट-बोरिवलीसारखंच, फक्त बसायला जागा मिळते.

हे उपनगर भारतीयांना नवं नाही. इथल्या ग्रोसरीच्या दुकानात भाजणीपासून चितळेंच्या बाकरवडीपर्यंत शोधाल ते सापडतं. आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखरसंस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ मध्ये याच शिकागो परिसरात सुरू झाली. त्याच वर्षी नेपरव्हिलकरांनी गावाच्या १५० व्या वाढदिवसानिमित्त ड्युपेज नदीच्या काठाने विटांचा रिव्हरवॉक बांधला. झाकलेले लाकडी पूल, बदकं, कॉफी शॉप्स. संध्याकाळी इथे फिरायला सही वाटतं.

स्टेशनपासून दहा मिनिटं चालत गेलं की नॉर्थ सेंट्रल कॉलेज लागतं. कॉलेज १८६१ चं, १८७० पासून नेपरव्हिलमध्ये. ओल्ड मेन नावाची दगडी इमारत त्याच काळातली. विद्यार्थी तीन हजारांच्या आत-बाहेर. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्या ज्युनिअर कॉलेजात याहून जास्त गर्दी असेल. पण अमेरिकेतल्या कुठल्याही रनिंगवेड्याला हे नाव सांगा, तो लगेच सावरून बसेल.

कारण ॲल कॅरियस. स्वतः युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयचा गाजलेला धावपटू असलेला हा माणूस १९६६ मध्ये इथे कोच म्हणून आला आणि पन्नासहून जास्त वर्षं इथेच रमला. १९७५ ते २०१८ या काळात त्याच्या पोरांनी डिव्हिजन थ्रीची क्रॉस कंट्री नॅशनल्स १९ वेळा जिंकली. एकाही पोराला पळण्याचे पैसे न देता! त्याचं ब्रीदवाक्य साधं होतं. मजेसाठी पळा आणि स्वतःच्या बेस्टसाठी पळा. जिंका, हरवा, फाडून टाका, असलं काही नाही.

आता या ब्रीदवाक्याकडे रिक्रूटिंगच्या नजरेने बघा. ‘आमच्याकडे ये, चॅम्पियन हो’ हे आमिष स्टारला चालतं. ‘आमच्याकडे ये, तू आज आहेस त्यापेक्षा बरा होशील’ हे शंभराव्या नंबरच्या पोराला पटतं. आणि शंभराव्या नंबरची पोरं संख्येने कितीतरी जास्त असतात. त्यातली दहा जरी फुलली तरी पाचवा मिळतोच.

कॉलेजमध्ये एक भन्नाट इमारत आहे. मध्ये २०० मीटरचा इनडोअर ट्रॅक आणि त्याच्या भोवतीने हॉस्टेलच्या खोल्या. जानेवारीत बाहेर बर्फ साचलेला असताना पोरं खोलीतून निघून थेट ट्रॅकवर. रिक्रूट म्हणून आलेल्या सतरा वर्षांच्या पोराला हे दाखवल्यावर वेगळं भाषण द्यायची गरज काय?

ताईच्या घरचा फोन

माझी मावसबहीण याच पट्ट्यात राहते. तिचा धाकटा बारावीला, शाळेच्या टीमचा चौथा-पाचवा गडी. दोन वर्षांपूर्वी तीन मैलांना साडेसतरा मिनिटं घ्यायचा, आता सव्वापंधराच्या जरा पुढे. राज्यात नंबर शंभराच्या पलीकडे. मी मुक्कामाला असताना एका रात्री जेवणाच्या वेळी कोचचा फोन आला. शेजारच्या राज्यातलं, आम्ही कुणी नाव न ऐकलेलं छोटं कॉलेज.

भावजी सॉफ्टवेअरवाले. त्यांना आधी हा क्रेडिट कार्डवाल्यांचा कॉल वाटला. मग त्यांनी आपला ठेवणीतला प्रश्न टाकला, ‘‘पळून पोट भरतं का रे?’’ पोरगा काही बोलला नाही. तो फोन घेऊन बाहेर गॅरेजमध्ये गेला आणि चाळीस मिनिटं तिथेच थंडीत उभा राहून बोलला. ताई म्हणाली, ‘‘आमच्याशी हा चाळीस शब्द बोलत नाही.’’

कोच काय बोलला, हे त्याला नंतर विचारलं. टायमिंगबद्दल फार कमी, म्हणे. आठवड्याला किती मैल पळतोस? शेवटच्या मैलात तू अठरा जणांना मागे टाकलंस, ते ठरवून की आपोआप? झोप किती? फिजिक्स आवडतं की आईबाबांना आवडतं म्हणून घेतलंय? घरापासून किती लांब राहायला जमेल?

प्रत्येक प्रश्नामागे गणित आहे. आठवड्याला ३० मैलांवर सव्वापंधरा मिनिटं पळणारा पोरगा ६० मैलांवर त्याच वेळेत पळणाऱ्यापेक्षा जास्त मोलाचा. त्याच्यात अजून जागा शिल्लक आहे. शाळेत शर्यत तीन मैलांची, कॉलेजात पुरुषांना आठ किलोमीटर. म्हणून शेवटच्या मैलात माणसं मागे टाकणारा हवा. मार्क चांगले तर कॉलेजची स्कॉलरशिप मोठी, म्हणजे आईबापांचा खर्च कमी, म्हणजे पोरगा येण्याची शक्यता जास्त. आणि घरची आठवण येऊन पहिल्याच ख्रिसमसला परत जाणारा पोरगा कितीही वेगवान असला तरी टीमच्या कामाचा नाही.

आपल्या कॅम्पस इंटरव्ह्यूसारखंच आहे हे. मोठ्या कंपन्या ‘डे झिरो’ला येऊन टॉपर उचलतात. तिसऱ्या आठवड्यात येणाऱ्या छोट्या कंपनीच्या एचआरला मात्र डोकं लावावं लागतं. मार्कशीट सगळ्यांनी बघितली आहे, त्यामुळे त्याला मार्कशीटमध्ये नसलेलं बघावं लागतं.

कोचचं वर्ष

छोट्या कॉलेजचा कोच म्हणजे अख्खी टीम एकट्याच्या डोक्यावर. बऱ्याच ठिकाणी पोरं-पोरी दोन्ही त्याच्याकडे, क्रॉस कंट्री आणि ट्रॅक दोन्ही त्याच्याकडे, व्हॅन चालवणारा तोच, हॉटेल बुक करणारा तोच. त्यात रिक्रूटिंग वर्षभर चालूच. त्याचा ढोबळ क्रम असा:

हिवाळ्यात आणि वसंतात अकरावीच्या पोरांच्या याद्या बनतात. कॉलेजच्या साइटवर फॉर्म असतो, तो पोरांनी भरायचा. तिथून ई-मेल सुरू. डिव्हिजन थ्रीचा कोच कॅम्पसबाहेर पोराला भेटू शकतो तो दहावी संपल्यानंतर. अकरावीच्या वर्षातल्या १ जानेवारीपासून कॉलेजच्या खर्चाने ऑफिशिअल व्हिजिट करता येते. स्पर्धेच्या दिवशी मात्र शर्यत संपून शाळेच्या कोचने मोकळं करेपर्यंत पोराला गाठायचं नाही. म्हणूनच पिओरियाच्या थंडीत ते टोपीवाले लांब उभे राहून नुसते बघत असतात.

उन्हाळ्यात, बारावीच्या तोंडावर ‘प्री-रीड’. अनेक कॉलेजांत कोच पोराचे मार्क आणि विषय ॲडमिशन ऑफिसला दाखवून अंदाज घेतो. हो, कठीण, की बघू? काही कॉलेजं खर्चाचाही अंदाज देतात. हा अंदाज म्हणजे ॲडमिशन नव्हे, हे लक्षात ठेवायचं. एमआयटीसारख्या ठिकाणी तर कोच फक्त शिफारस करू शकतो, जागा राखून ठेवू शकत नाही.

सप्टेंबर ते नोव्हेंबर मुक्कामी भेटी. पोरगा एक रात्र हॉस्टेलवर टीममधल्या कुणाच्या तरी खोलीत झोपतो, मेसमध्ये जेवतो, क्लासला बसतो, सकाळी टीमबरोबर हळू पळतो. त्याला वाटतं तो कॉलेज बघतोय. टीम त्याला बघत असते. हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला का? मागे पडलेल्यासाठी थांबला का? दुसऱ्या दिवशी कोच पोरांना विचारतो आणि पुष्कळदा त्या उत्तरावर गाडी पुढे जाते किंवा थांबते.

नोव्हेंबरात ‘अर्ली डिसिजन’चे अर्ज, ज्यात ‘घेतलंत तर मी येणारच’ असा शब्द द्यावा लागतो. उरलेल्यांचा निर्णय १ मेपर्यंत लांबतो. तोपर्यंत कोचच्या हातात काहीच नसतं. डिव्हिजन थ्रीमध्ये पोराला खेळाच्या कराराने बांधून ठेवता येत नाही. वर्षभर फोन केलेला पोरगा ३० एप्रिलला ‘सॉरी कोच’ म्हणतो आणि कोच पुढच्या वर्षाची यादी उघडतो.

ताईचा प्रश्न

पुन्हा फोन आला तेव्हा ताईने स्वतः घेतला. तिच्या डोक्यात पोरासाठी अर्बाना-शॅम्पेनचं इंजिनिअरिंग होतं. नाव मोठं, राज्यातलीच युनिव्हर्सिटी, फी त्या मानाने कमी. फक्त तिथल्या टीममध्ये या पोराला जागा मिळणं अशक्य. तिथे गेला तर बूट खुंटीला. छोट्या कॉलेजात गेला तर चार वर्षं पळणार, पण ते नाव पुण्यातल्या आजीला दहा वेळा समजावून सांगावं लागणार.

ताईने विचारलं, ‘‘पहिल्याच महिन्यात याचा पाय मोडला तर फीमधली सवलत जाणार का?’’

उत्तर आलं, नाही. सवलत मार्कांची आहे, पायांची नाही.

मला वाटतं, सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे. वरच्या मजल्यावर पैसा पायांना मिळतो आणि पाय दुखले की तो बोलायला लागतो. इथे कोचचे हात रिकामे, म्हणून पोराच्या डोक्यावर कर्ज नाही. उद्या त्याला वाटलं, बास झालं पळणं, तर टीम सोडून कॉलेजात राहता येतं. मग तो टीममध्ये का टिकतो? तर फक्त आवडतं म्हणून. रिकाम्या हाताच्या कोचला पोरगा धरून ठेवण्याचा दुसरा रस्ताच नाही. त्याला पोराची नीट ओळख करून घ्यावीच लागते.

नाण्याची दुसरी बाजू

पण बॉस, भोळसटपणा नको. या गोड फोनमागे कॉलेजचा हिशेबही असतो.

अमेरिकेत २००८ नंतर जन्मदर घसरला. ती कमी झालेली पिढी आता कॉलेजच्या दारात येऊ लागली आहे. छोट्या खासगी कॉलेजांचा संसार फीवर चालतो. २०२४-२५ मध्ये खासगी कॉलेजांची सरासरी छापील ट्यूशन फी ४३,००० डॉलरच्या वर होती, राहणं-खाणं वेगळं. प्रत्यक्षात सवलती एवढ्या असतात की छापील किंमत फार थोडे भरतात. सेलच्या सीझनमधल्या साडीसारखं! तरीही पोरगा आला म्हणजे काही हजार डॉलर आले. म्हणून अनेक कॉलेजांत कोचला जिंकण्याबरोबर दुसरंही टार्गेट असतं. यंदा इतकी पोरं आण. पन्नास पोरांची टीम म्हणजे पन्नास फिया. पळायला लागतात बूट आणि गवत, त्यामुळे कॉलेजला हा धंदा फुटबॉलपेक्षा स्वस्तही पडतो.

आणि कॉलेजच बंद पडलं तर? ही कल्पना नाही. इलिनॉयमध्येच जॅक्सनव्हिलचं मॅकमरी कॉलेज १८४६ चं, ते २०२० मध्ये बंद झालं. लिंकन गावातलं लिंकन कॉलेज १८६५ चं, २०२२ मध्ये त्यालाही कुलूप लागलं. दोन्ही ठिकाणी टीम होत्या, कोच होते, रिक्रूट केलेली पोरं होती. तेव्हा ‘कोच किती छान बोलतो’ एवढ्यावर चार वर्षांचा निर्णय घेऊ नये. कोच खरा असू शकतो आणि त्याच वेळी त्याच्या कॉलेजला तुमच्या चेकची गरजही असू शकते. दोन्ही एकाच फोनमध्ये असतं.

आपल्याकडे पळणाऱ्या पोराला बोलावणं येतं ते बहुतेक नोकरीचं. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि त्याच्यातला स्टीपलचेसर तिथे सापडला. माणदेशातली ललिता बाबर रेल्वेच्या बळावर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या फायनलपर्यंत पोहोचली. पण ही झाली शिखरं. जिल्ह्यात पंचविसावा आलेल्या पोराला काय मिळतं? दहावीला क्रीडा गुण, तेही नशिबात असतील तर. बारावीनंतर तो पळणं सोडतो आणि त्याला अडवणारं कुणी नसतं.

अडवणारं कुणी असणं, हीच या छोट्या कॉलेजांची गंमत आहे. हजारो पोरांतून कुणीतरी शंभराव्या नंबरवर बोट ठेवतं, त्याचा शेवटचा मैल लक्षात ठेवतं, त्याला नावाने हाक मारतं आणि म्हणतं, तुझं अजून व्हायचंय. त्यातली कितीतरी पोरं कधीच पहिल्या सातात येत नाहीत. तरी चार वर्षं रोज सकाळी सहाला उठून पन्नास जणांच्या घोळक्यात पळतात, आणि पुढे आयुष्यभर पळत राहतात. ट्रॉफीच्या बेरजेत त्यांचा आकडा नसतो. पण पाचवा तयार होतो तो त्यांच्याच सोबतीने पळून.

जाणार असाल तर

• कधी: सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात. झाडं लाल-पिवळी आणि क्रॉस कंट्रीचा सीझन ऐन रंगात. पिओरियाची फायनल नोव्हेंबरच्या सुरुवातीला.

• कसं: शिकागो युनियन स्टेशन ते नेपरव्हिल मेट्राने. पिओरियाला गाडीच हवी. मैदानावर सकाळी लवकर पोहोचा. गमबूट, कानटोपी आणि गरम चहाचा थर्मास मस्ट!

• पळणारे असाल तर: इलिनॉय प्रेअरी पाथ आणि हेरिक लेकच्या राखीव जंगलातल्या पायवाटा. सपाट, मऊ, गुडघ्यांचे लाड करणाऱ्या.

घरी असा फोन आला तर विचारा

• सवलत चारही वर्षं कायम का? कशावर अवलंबून? आकडा लेखी द्या.

• टीममध्ये किती पोरं? गेल्या चार वर्षांत आलेल्यांपैकी शेवटपर्यंत किती टिकली? शाळेतल्या वेळेपेक्षा किती सुधारली?

• कोच बदलला तर? पळणं सोडलं तर? तरी हे कॉलेज पोराला आवडेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोचकडे मागू नका. ते पोराला विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या.